खिडकीजवळची जागा

इंग्रजी काव्याचे अध्यापन करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना वर्डस्वर्थ किती वेळा शिकवावा लागतो हे सांगावयास नको. आम्हांसही तो गेली अनेक वर्षे शिकवावा लागत आहे. इंग्लंडच्या वायव्य भागातील सरोवरांचा प्रांत, त्यातील विंडरमिअर, रायडल व ग्रासमिअर ही ठिकाणे, धुक्याने वेढलेले डोंगरमाथे आणि दगडी कुंपणांमधून जाणाऱ्या पाऊलवाटा यांचे वर्णन करू लागलो म्हणजे आमच्या वाणीस अंमळ चढ येतो. जी सरोवरे आम्ही स्वतः कधी डोळ्यांनी पाहिली नाहीत, त्यांच्याविषयी आम्ही इतक्या परिचयाने बोलतो की, ऐकणारास ती आमच्या परसातच असावीत असे वाटावे.

एका वर्षी असेच वर्णन रंगले असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उठून विचारले, "सर, तिथं जायला बस आहे का?" हा मुलगा रोज एस.टी.ने बऱ्याच लांबून येत असे व परतीची गाडी चुकू नये म्हणून त्याचे अर्धे लक्ष घड्याळाकडे असे. वर्ग खो खो हसला. आम्हीही हसलो, आणि पान उलटून पुढील कडव्याकडे वळलो.

त्या हसण्याची आम्हांस पुढे फार लाज वाटली. कारण त्या मुलाने विचारलेला प्रश्न क्षुद्र तर नव्हताच, पण ज्या कवीच्या पुस्तकापुढे बसून आम्ही हसलो त्या कवीनेच तो उतारवयात मोठ्या तळमळीने हाताळला होता. सृष्टीचे सौंदर्य पाहण्यास कोणी जावे, कशाने जावे आणि किती जणांनी जावे, हा तो प्रश्न. त्याचा मागोवा घेता घेता इंग्लंडातील एका साध्या वाहनाचा इतिहास हाती लागला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सन १८४४ मध्ये केंडालहून विंडरमिअर सरोवरापर्यंत आगगाडी नेण्याची योजना पुढे आली. वर्डस्वर्थ त्या वेळी ७४ वर्षांचा होता. आदल्याच वर्षी त्याला राजकवीचा मान मिळाला होता. त्याने या योजनेविरुद्ध एक सुनीत लिहिले व 'मॉर्निंग पोस्ट' या पत्रात दोन पत्रे प्रसिद्ध केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते : निसर्गसौंदर्याची गोडी ही माणसाला उपजत नसते, ती हळूहळू, संस्काराने व सहवासाने लागते. लँकेशरच्या गिरण्यांतील मजुरांचे थवेच्या थवे एका दिवसात सरोवरावर आणून ओतले, तर त्या मजुरांच्या पदरी काही पडणार नाही, आणि सरोवराची शांतता मात्र कायमची जाईल.

गंमत अशी की, याच कवीने आपल्या सरोवरप्रांताच्या मार्गदर्शिकेत हा सारा प्रदेश एक प्रकारे राष्ट्राची ठेव आहे, रसिकमात्राचा त्यावर हक्क आहे, असा उदार विचार पूर्वीच मांडला होता. तत्त्व म्हणून जो हक्क त्याने सर्व रसिकांना दिला, तो बजावण्यासाठी प्रत्यक्ष माणसे निघाली तेव्हा तो दार लावून घेऊ लागला. यात ढोंग होते असे आम्हांस वाटत नाही. ज्याचे घर तेथे आहे, ज्याने पन्नास वर्षे त्या वाटा पायी तुडविल्या आहेत, त्याची ती भीती होती. आणि ती अगदीच निराधार नव्हती हे पुढे दिसेल.

आगगाडी थांबली नाही. १८४७ साली ती विंडरमिअरला पोहोचली. परंतु तिथून पुढे अँबलसाइड, रायडल, ग्रासमिअर या बाजूस लोहमार्ग गेलाच नाही. म्हणजे सरोवराच्या काठापर्यंत आगगाडी आणि पुढे घोड्याची गाडी, अशी वाटणी झाली. इंग्लंडातील सहलीच्या इतिहासात ही वाटणी वारंवार आढळते. लोखंडी रूळ शहराला जोडतात, घाटात आणि कड्यावर त्यांचा खर्च परवडत नाही. तेथे चाकांना रस्त्यावरूनच जावे लागते.

योगायोगाची गोष्ट अशी की, ज्या १८४४ साली कवी रेल्वेविरुद्ध लेखणी उचलीत होता, त्याच साली फ्रान्सचा राजा लुई फिलिप याने व्हिक्टोरिया राणीला एक विशेष प्रकारची घोडागाडी भेट दिली. तिच्यात एकामागे एक अशी आडवी बाके होती, आणि सर्व बाकांवरील मंडळींची तोंडे पुढे, म्हणजे देखाव्याकडे होती. 'बाकांची गाडी' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तिला इंग्रजीत 'शॅराबँग' असे नाव पडले. राजघराण्यातील मंडळींनी मोकळ्या हवेत फिरावयास जावे, यासाठी ती होती. पुढे पाऊणशे वर्षांनी त्याच नावाच्या गाडीत गिरणीमजूर, त्यांच्या बायका, मुले आणि बिअरची पिंपे भरून समुद्राकडे निघतील, हे त्या राजाच्या वा राणीच्या स्वप्नीही आले नसेल.

वाहन असून भागत नाही, सुटी लागते. सहलीचा इतिहास लिहिणारे लोक वाफेचे व पेट्रोलचे कौतुक करतात, परंतु खरी गोष्ट कॅलेंडरात आहे. १८४१ सालच्या जुलै महिन्याच्या ५ तारखेस टॉमस कुक नावाच्या सुताराने, तो मद्यपाननिषेधाचा कट्टर प्रचारक होता, लेस्टरहून लफबरोस सुमारे ५०० लोकांना एका शिलिंगात आगगाडीने सभेस नेले. तेथून संघटित सहलींचा पाया पडला असे मानतात. पण कष्टकऱ्यास वर्षातून असे दिवस किती मिळत? सर जॉन लबक याच्या खटपटीने १८७१ साली बँकांच्या सुट्यांचा कायदा झाला आणि इंग्लंडात ईस्टरचा सोमवार, व्हिटसनचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार व नाताळच्या दुसऱ्या दिवशीची सुटी, असे चार दिवस निश्चित झाले. उत्तरेकडील गिरणगावांत जुन्या जत्रेच्या निमित्ताने आठवडाभर गिरण्या बंद ठेवण्याची चाल होती. एका गावाचा आठवडा संपला की दुसऱ्याचा सुरू होई, आणि गावेच्या गावे ब्लॅकपूलच्या वाळवंटावर लोटत. मात्र त्या आठवड्याची मजुरी बुडत असे. वर्षभर पेनी-पेनी साठवून लोक तो आठवडा विकत घेत. पगारी सुटीचा कायदा इंग्लंडात झाला तो १९३८ साली, म्हणजे वर्डस्वर्थच्या पत्रांनंतर तब्बल ९४ वर्षांनी. समुद्राकडे बघत बसण्याबद्दल कोणी आपली मजुरी कापू नये, हे मान्य होण्यास इतका काळ लागला.

आता मोटारीकडे येऊ. कॉर्नवॉलच्या अगदी दक्षिण टोकास लिझर्ड नावाचे भूशिर आहे. उंच कडे, खाली फुटणाऱ्या लाटा व दीपगृह. हेल्स्टनपर्यंत आगगाडी जात असे. पुढे दहा-अकरा मैल लोहमार्ग न्यावा अशी मागणी होती. ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीने हिशेब केला, रूळ टाकण्याचा खर्च निघणार नाही असे तिला दिसले, आणि १७ ऑगस्ट १९०३ रोजी तिने हेल्स्टन ते लिझर्ड अशी मोटार-बस सुरू केली. प्रयोग तात्पुरता होता. रेल्वेने केलेली ही आपल्या गरिबाघरच्या भावंडाची नेमणूक होती म्हणा ना. पुढे काय झाले पाहा. हेल्स्टनची उतारूंची आगगाडी १९६२ साली बंद पडली. लिझर्डचा कडा पाहावयास जाणारा मात्र त्यानंतरही बसनेच जात राहिला. थोरला भाऊ गेला आणि धाकटा घर सांभाळीत राहिला, असे आपल्याकडे पुष्कळ घरांत होते. तसेच हे झाले.

परंतु खरी लाट आली ती पहिल्या महायुद्धानंतर. १९१८ साली युद्ध संपले तेव्हा लष्कराजवळ हजारो मालमोटारी शिल्लक होत्या, आणि त्या चालविण्यास व दुरुस्त करण्यास शिकलेले तरुण शिपाई घरी परतत होते. कित्येकांनी हाती आलेल्या पैशांतून अशी एखादी मोटार विकत घेतली. तिचा वरचा सांगाडा काढता-घालता येत असे. सोमवार ते शुक्रवार ती कोळसा, दूध वा भाजीपाला वाही. शनिवारी सांगाडा उतरवून, धुऊन-पुसून, तिच्यावर बाके चढवीत. आणि रविवारी तीच गाडी शॅराबँग होऊन चर्चच्या वा गुत्त्याच्या दारी उभी राही.

तिचे रूप मोठे विलक्षण होते. चार-पाच किंवा अधिक आडवी बाके, आणि प्रत्येक बाकास बाजूने स्वतंत्र लहानसे दार. माथ्यावर आकाश. मागे कॅनव्हासचे छत घडी घालून ठेवलेले असे. पाऊस आला की गाडी थांबवून सर्वांनी मिळून ते पुढे ओढावयाचे, आणि ते ताणून होईपर्यंत बहुधा सर्वजण भिजलेले असत. चाके भरीव रबराची, म्हणून रस्त्यावरील प्रत्येक खडा बसणाऱ्याच्या पाठीस कळे. अशा जड गाड्यांना वेगाची मर्यादा तासाला १२ मैल होती. चढ फार आला तर तरुणांनी खाली उतरून चालावे, आणि उतार फार असला तर सर्वांनी देवाचे नाव घ्यावे. कारण ब्रेक निकामी होऊन झालेले भीषण अपघात लोकांच्या कानांवर आलेले असत.

आणि तरीही माणसे गात जात. ज्या बाईने वर्षाचे एकावन्न आठवडे मागावर कान बधिर करून घेतले होते, ती स्वच्छ टोपी घालून, डबा मांडीवर घेऊन, पहिल्या प्रथम आपल्याच परगण्यातील टेकड्या पाहत होती. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडातील ग्रामीण रस्त्यांच्या दोन्ही बाजूंस उंच झुडपांची कुंपणे असतात. पायी चालणाऱ्यास किंवा बुटक्या मोटारीत बसलेल्यास पुष्कळ ठिकाणी हिरव्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. शॅराबँगच्या उंच बाकावरून, आणि पुढे दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरून, कुंपणापलीकडची शेते, मेंढ्या, ओढे व दूरचा समुद्र दिसू लागला. जमीनदाराने कुंपण घालून जे झाकले होते, ते चार शिलिंगांच्या तिकिटाने नव्हे, तर चार हात उंचीने उघडे झाले.

उच्चभ्रू वर्गाने नाके मुरडली. या गाड्या धूळ उडवितात, त्यांतील लोक कर्कश गातात, बाटल्या फेकतात, शांत खेड्यांत गोंधळ घालतात, अशा तक्रारी होऊ लागल्या, आणि त्यांतील काही खऱ्याही होत्या. डिलन टॉमस या वेल्श लेखकाने १९५३ साली सांगितलेल्या एका कथेत पुरुषमंडळींची अशीच एक सहल पोर्थकॉल या समुद्रकाठच्या गावी निघते. वाटेतील प्रत्येक गुत्त्यावर गाडी थांबते, आणि पोर्थकॉल काही येतच नाही. मद्यपाननिषेधाच्या सभेने ज्या सहलीचा श्रीगणेशा झाला, तिची ही परिणती वाचून बिचाऱ्या कुकला काय वाटले असते!

सन १९३०च्या सुमारास हवा भरलेली चाके, मऊ आसने व काचेची तावदाने आली आणि शॅराबँगची 'मोटार-कोच' झाली. जे. बी. प्रीस्टले याने १९३३ साली इंग्लंडचा जो प्रवास केला व पुढील वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, त्याचा आरंभच अशा मोटार-कोचमधून साउदॅम्प्टनला जाण्याने होतो, आणि गरिबास मिळू लागलेल्या त्या ऐषारामाचे त्याला नवल वाटते. त्याच सुमारास, १९३०च्या कायद्याने, रस्त्यावरील प्रवासी वाहतुकीस परवाने आले. सहलीच्या गाड्यांनाही परवाना लागे, आणि सुनावणीच्या वेळी रेल्वे कंपन्या येऊन हरकत घेत. ज्या रेल्वेला कवीने विरोध केला, ती रेल्वे आता बसला विरोध करू लागली. आत पोहोचलेला मनुष्य मागून येणारास दार लावतो, हा नियम केवळ कवींना लागू नाही.

पण दार पुरते लागले नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर वगैरे ठिकाणच्या तरुण कामगारांनी किंडर स्काउट या खाजगी डोंगरावर जाणूनबुजून प्रवेश केला. त्यांपैकी काहींना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण प्रदेशात प्रवेशाचा कायदा झाला, आणि १९५१ साली तो डोंगर ज्यात आहे तो पीक प्रांत पहिले राष्ट्रीय उद्यान झाला, पाठोपाठ सरोवरप्रांतही. वर्डस्वर्थने जिला राष्ट्राची ठेव मानले, ती शंभर वर्षांनी कायद्याने तशी ठरली.

येथे ही कथा सुखान्त होऊन संपावी, परंतु इतिहास तितका सुस्वभावी नसतो. साठाच्या दशकात घरोघरी मोटार आली. १९६३ सालच्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक रेल्वे स्थानके बंद करण्याची शिफारस केली. व्हिटबी या यॉर्कशरच्या समुद्रकाठच्या गावाचे उदाहरण घ्या : माल्टन व पिकरिंगकडून तेथे जाणारी आगगाडी १९६५ साली बंद झाली. आज लीड्सहून यॉर्क, माल्टन, पिकरिंग अशी वाट धरून, जांभळ्या हेदरने भरलेल्या माळरानावरून ८४० क्रमांकाची बस व्हिटबीस जाते. २०१८ साली तिचा मार्ग ब्रिटनमधील सर्वांत रमणीय बसमार्ग म्हणून लोकांनी निवडला. परंतु अशा बसलाही धोका असतोच. १९८६ साली लंडनबाहेरील बसवाहतूक खुल्या स्पर्धेस मोकळी झाली. ज्या मार्गावर नफा नाही त्यास स्थानिक संस्थेने पैसा पुरवावयाचा, अशी व्यवस्था ठरली. आणि संस्थेची तिजोरी आटली की पहिली कुऱ्हाड रविवारच्या, सायंकाळच्या व खेड्यांच्या बसवर पडते. ज्याच्याजवळ मोटार नाही त्याला मग डोंगर कायद्याने मोकळा असूनही बंदच. तिकडच्या सरकारने २००८ सालच्या एप्रिलपासून इंग्लंडातील वृद्धांना देशभर स्थानिक बसचा प्रवास गर्दीच्या वेळेखेरीज मोफत केला. २०२३च्या जानेवारीत एका फेरीचे भाडे २ पौंडांवर मर्यादित केले व २०२५च्या जानेवारीपासून ती मर्यादा ३ पौंड केली. बस असेल तरच हा सवलतींचा कागद उपयोगी, हे मात्र तेथील म्हातारी माणसे चांगली जाणतात.

मग वर्डस्वर्थ चुकला काय? आम्हांस वाटते, त्याने रोग ओळखला, पण रोगी चुकीचा धरला. गर्दीने सौंदर्य नासते ही गोष्ट खरी. आज सरोवरप्रांतात दरवर्षी लक्षावधी लोक जातात आणि त्यांतील बहुतेक स्वतःच्या मोटारीने जातात. अरुंद रस्ते तुंबतात, हिरवळीवर गाड्या उभ्या राहतात. म्हणजे ज्या सुसंस्कृत, ऐपतदार प्रवाशावर कवीचा विश्वास होता, त्यानेच एकेकटा येऊन शांतता घालविली. आणि ज्या बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या सामान्य जनांची त्याला धास्ती होती, त्यांची गाडीच आता त्या प्रदेशाची तारणहार समजली जाते. राहिला प्रश्न संस्काराचा. रसिकता हळूहळू येते हे मान्य. परंतु ती येण्यास आरंभ कोठून तरी व्हावा लागतो. पाहिल्यावाचून दृष्टी यावी कशी?

याबाबतीत आम्हांस पाठ मिळाला तो ग्रंथांतून नव्हे, घरीच मिळाला. आमच्याकडे एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी धावली. तेव्हापासून ती सहलीची गाडी म्हणून कोणी पाहिलीच नाही. ती बाजाराची, शाळेची, लग्नाची व दवाखान्याची गाडी. २०२२च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात ७५ वर्षांवरील वृद्धांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. आमच्या मातोश्रींचे वय त्या वेळी ७८ होते. त्यांचे माहेर गुहागरचे. तेथे आता ओळखीचे कोणी राहिलेले नाही. असे असूनही त्या एके दिवशी पिशवी भरून निघाल्या. आम्ही म्हणालो, "आई, कुणाकडं जाणार? आणि जायचंच तर रविवारी मोटारीनं नेतो की."

त्या म्हणाल्या, "कुणाकडं नाही. कुंभार्ली घाट बघून येते. तुझ्या मोटारीत पुढच्या गाडीची पाठ तेवढी दिसते."

आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. पाटण मागे पडले, कोयनानगर आले, आणि घाटमाथ्यावरून गाडीने उताराचे पहिले वळण घेतले तेव्हा सबंध कोकण खाली धुक्यात उघडले. आमच्या मातोश्री खिडकीच्या गजास कपाळ टेकून बसल्या होत्या. लग्न होऊन याच घाटाने त्या वर आल्या, आणि पुढे साठ वर्षे या वाटेने गेल्या त्या बाळंतपणास, आजारपणास वा कोणाच्या दिवसकार्यास. घाट पाहण्यासाठी म्हणून त्या घाटात प्रथमच आल्या होत्या. चिपळूणपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इतकं होतं होय इथं!"

वर्डस्वर्थचे पंडित म्हणविणारे आम्ही त्यांच्या शेजारी, आतल्या बाजूच्या आसनावर बसलो होतो.

पुढील वर्षी वर्गात सरोवरप्रांताचे पान आले तेव्हा कोणी विचारण्याची वाट न पाहता आम्ही सांगितले : होय, तेथे बस जाते. विंडरमिअरच्या स्थानकापासून, जेथे रूळ संपतात तेथून, ५९९ क्रमांकाची दुमजली, माथा उघडी असलेली बस उन्हाळ्यात सुटते. ती अँबलसाइड करून, ज्या रायडल येथे बसून कवीने ती दोन पत्रे लिहिली त्या गावावरून, ग्रासमिअरला त्याच्या जुन्या घराशी येते.

वर्ग हसला नाही. मागच्या बाकावरून एकच प्रश्न आला, "भाडं किती, सर?" आम्ही ते सांगितले, रुपयांत किती होतात तेही फळ्यावर मांडून दाखविले, आणि मग कविता वाचावयास घेतली.